मिक्सटार्ड पेनफिल बंद झाल्यावर कामाला आलेलं नाशिकच्या गोळे कॉलनीतलं मेडिकल

चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच, पण आधी ज्यांना गरज आहे त्यांच्या कामाचं लिहिते. तुम्ही किंवा घरातलं कोणी डायबिटीससाठी ह्युमन मिक्सटार्ड ३०/७० हे इन्सुलिन पेनमधून घेत असाल आणि मेडिकलवाल्यांकडून 'शॉर्ट आहे', 'माल येत नाहीये', 'पुढच्या आठवड्यात बघा' हे ऐकून ऐकून वैतागला असाल तर हे पूर्ण वाचा, लांब झालंय पण नाइलाज आहे.

शॉर्ट वगैरे काही नाहीये, पेनमध्ये घालायची त्याची काचेची नळी, म्हणजे पेनफिल कार्ट्रिज, बंद झालीय. हे सरळ मराठीत मला पहिल्यांदा कळलं ते ह्या दुकानात, आणि तेही कोणी तोंडाने सांगायच्या आधी, कारण ह्यांच्या फ्रीजच्या काचेवर मार्करने लिहिलेला कागद चिकटवलाय, 'पेनफिल ३०/७० कंपनीकडून बंद. कुपी मिळेल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.' बस, एवढंच. एवढा एक कागद लावायला बाकीच्यांना काय झालं होतं मला खरंच कळत नाही. आमच्या इंदिरानगरमधला नेहमीचा मेडिकलवाला शेवटपर्यंत 'ताई, सोमवारी येईल' हेच म्हणत राहिला, कुठला सोमवार ते त्यालाच माहीत.

तर झालंय असं की मिक्सटार्ड बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने भारतात ह्युमन इन्सुलिनच्या पेनफिल कार्ट्रिज, म्हणजे मिक्सटार्ड, अ‍ॅक्ट्रापिड, इन्सुलाटार्ड सगळ्याच, हळूहळू बंद करायचं ठरवलं आणि कुपी (सिरिंजने औषध ओढून घ्यायची छोटी बाटली) चालू राहतील असं सांगितलं, २०२५ ला पेपरात पण आलं होतं. दक्षिण आफ्रिकेत त्याच्या आदल्या वर्षीच हे होऊन गेलं होतं. म्हणजे लपवाछपवी काही नव्हती. पण दिल्ली मुंबईच्या इंग्रजी पेपरात बातमी येणं आणि ती नाशिकमधल्या पेशंटपर्यंत पोचणं ह्यात फार अंतर आहे हो, मधे डॉक्टर, एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी), स्टॉकिस्ट, मेडिकलवाला एवढे सगळे आहेत आणि प्रत्येकाला वाटतं पुढच्याने सांगितलं असेल.

आता कोणी म्हणेल कुपी चालू आहे ना, मग रडताय कशाला, स्वस्त पण पडते. बरोबर आहे, स्वस्त पडते, सिव्हिलला तर फुकट मिळते, आणि ज्यांना जमतं त्यांनी जरूर कुपीच घ्यावी. मला नाही जमत. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला लेझर झालंय, लांबचं दिसतं, माणसं ओळखू येतात, पण बारीक अक्षर आणि बारीक रेघ नाही दिसत. सिरिंजवरच्या त्या काळ्या रेघा मला एकात एक गेलेल्या दिसतात. पेनचं कसं, बटण फिरवलं की टक् टक् आवाज येतो, एक टक् म्हणजे एक युनिट, मोजत जायचं, आकडा दिसला नाही तरी चालतं. मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, फर्स्ट शिफ्ट असली की अंधारातच निघतात, मुलगी पुण्याला, म्हणजे सकाळचं इंजेक्शन माझं मलाच. माझ्यासाठी ते पेन म्हणजे चैन नव्हती, आंधळ्याची काठी होती म्हणा.

आणि कुपीत दुसरी एक भानगड आहे जी कोणी सांगत नाही. आपल्याकडे कुपी मुख्यतः ४० ची येते, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट, आणि कार्ट्रिज १०० ची, एका एमएलमध्ये १००. सिरिंजा पण त्यामुळे दोन प्रकारच्या, लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. चुकून ४० ची कुपी आणि केशरी सिरिंज अशी जोडी जमली तर २० च्या रेघेपर्यंत भरलं तरी पोटात जाणार फक्त ८ युनिट, आणि उलटं झालं, १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये, तर त्याच २० च्या रेघेला ५० युनिट जाणार. ५० म्हणजे सरळ ॲम्ब्युलन्सच. काही लोक पेन बिघडला की कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून औषध ओढतात, त्यांनी तर हे दोनदा वाचा.

हे एवढं सविस्तर का लिहितेय, तर घराजवळच्या एका मेडिकलमध्ये (नाव नको) सेल्समनने माझ्यासमोर काउंटरवर ४० ची कुपी ठेवली आणि ड्रॉवरमधून मूठभर सिरिंजा काढून टाकल्या, सगळ्या केशरी. मला रेघा दिसत नाहीत पण रंग दिसतो. म्हणलं अरे दादा ह्या १०० च्या आहेत. तर म्हणे 'चालतात ताई, सगळे हेच नेतात'. सगळे हेच नेतात! तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात आलं की ज्या म्हाताऱ्या बाईला मुलगा नाही, मोबाइल नाही, ती ह्याच्याकडून हेच घेऊन जाणार आणि महिनाभर शुगर का उतरत नाही म्हणून जेवण कमी करत बसणार.

दुसरा किस्सा कॉलेज रोडच्या एका मोठ्या चकाचक चेन स्टोअरचा, काचेचं दार, एसी, टी-शर्टवाला मुलगा. त्याने कॉम्प्युटरवर बघितलं आणि एक दुसरं खोकं आणून ठेवलं, 'सेम आहे आंटी, हे पण ३०/७०च आहे, उलट जास्त अ‍ॅडव्हान्स आहे'. पन्नाशीची बाई काय लगेच आंटी, पण ते सोडा. खोक्यावर आकडा खरंच तसाच. ते अ‍ॅनालॉग होतं, म्हणजे ह्युमनमध्ये थोडा बदल करून बनवलेलं वेगळं इन्सुलिन, अ‍ॅस्पार्टवालं मिक्स. घरी आणलं नाही, मोबाइलवर खोक्याचा फोटो काढला, आणि तोच फोटो नंतर ह्या मेडिकलमधल्या काकांना दाखवला.

आता ह्या दुकानाबद्दल. मला हे दुकान सुचवलं ते आमच्या मागच्या गल्लीतल्या एका आईने, तिचा मुलगा लहान असल्यापासून इन्सुलिनवर आहे, तिला नाशिकमधला प्रत्येक फ्रीज पाठ आहे. गोळे कॉलनी म्हणजे नाशिकमध्ये औषधांचं होलसेल मार्केट, हे इथल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहिते, तिथे होलसेलवाले आपल्यासारख्यांना विकत नाहीत, त्यांचं बिल लायसन्सवाल्या दुकानाच्या नावानेच होतं, त्यामुळे नुसतं गोळे कॉलनीत जाऊन दारोदार विचारण्यात अर्थ नाही. हे मात्र रिटेल दुकान आहे, त्याच मार्केटमध्ये बसलेलं, त्यामुळे ह्यांना आजूबाजूला कोणाकडे काय शिल्लक आहे ते एका हाकेवर कळतं. दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडून पण लोक चिठ्ठ्या घेऊन आलेले दिसतात.

काउंटरवर एक वयस्कर काका असतात. मी गेले, नाव सांगितलं, तर त्यांनी सरळ हात पुढे केला, 'जुनं खोकं द्या, पेन दाखवा, चिठ्ठी कधीची आहे?' तिन्ही बघितलं आणि म्हणाले नाहीये, येणार पण नाही, वाट बघू नका. मला खरं सांगू का, वाईट वाटलं पण बरंही वाटलं. निदान कोणीतरी 'सोमवार' म्हणलं नाही.

मग मी तो चेन स्टोअरवाला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, मोबाइल नाकाजवळ नेला आणि विचारलं, इन्सुलिन घेतल्यावर किती वेळाने जेवता? म्हणलं अर्धा तास, इतकी वर्षं तसंच सांगितलंय, संध्याकाळी इंजेक्शन घेते आणि मग भाकरी टाकायला घेते. तर म्हणाले, 'हे घेऊन अर्धा तास भाकऱ्या थापत बसलात तर तव्यासमोरच चक्कर येईल. हे ताट पुढ्यात आल्यावर घ्यायचं असतं.' मग सांगितलं की दोन्हीत तीस टक्के लवकर चालणारं आणि सत्तर टक्के सावकाश चालणारं असतं, आकडा म्हणून सारखा, पण जुन्या ह्युमनमधलं 'लवकर' अर्ध्या तासाने चालू होतं आणि ह्या नवीनमधलं दहा वीस मिनिटात. औषध चांगलंच आहे, लाखो लोक घेतात, पण सवय बदलल्याशिवाय घ्यायचं नाही आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय तर मी देणारच नाही. बघा, त्यांच्या फ्रीजमध्ये ते होतं. मी पैसे काढून उभी होते. विकलं नाही.

मला ह्या दुकानाबद्दल जे सांगायचंय ते मुळात हेच आहे. औषध मिळवून देणारे खूप भेटले, आणि जो तो काहीतरी हातात कोंबायला बघत होता. एका ऑनलाइन ॲपने तर ऑर्डर घेतली, पैसे कापले, निघाली म्हणून मेसेज आला आणि संध्याकाळी कॅन्सल, रिफंड चार दिवसांनी, वर खाली लिहून आलं 'यासारखी इतर उत्पादने' आणि त्यात तीन इन्सुलिनं, तिन्ही वेगळी, जणू कुर्ता नाही तर कुर्ती घ्या. नाशिकरोडला एकाने 'आहेत दोन खोकी, पण छापील किमतीला नाही परवडणार, बिल नाही मिळणार' असं कुजबुजत सांगितलं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की बिल नाही म्हणजे तो माल फ्रीजमध्ये होता का डिकीत होता ते कोण सांगणार.

आणि हे डिकीचं बोलणं किती खरं ते पुढे कळलं. माझा भाचा जळगावला असतो, गुणी पोरगा, त्याने मित्राच्या ओळखीने कुठूनतरी मिक्सटार्डच्या कार्ट्रिज मिळवल्या, आणि 'मावशी, टेन्शन घेऊ नको' म्हणत ऐन मे महिन्यात गाडी घेऊन आला. थर्माकोलचा डबा होता त्याच्याकडे पण तो बर्फ वितळून पाणी झालं म्हणून वाटेत धुळ्याला त्याने पाणी ओतून दिलं आणि डबा पुढे डॅशबोर्डवर ठेवला. मी त्या तशाच काकांकडे नेल्या, भाचा बरोबर.

काकांनी एक कार्ट्रिज काढली, दोन्ही तळव्यांमध्ये धरून गोल गोल फिरवली, मग वरखाली केली, आतली ती काचेची बारीक गोळी टिक् टिक् करत ह्या टोकाकडून त्या टोकाला जात होती. मग ट्यूबलाइटसमोर आडवी धरली आणि भाच्याला जवळ बोलावलं. ३०/७० नुसतं ठेवलं की खाली पांढरं बसतं, वर पाणी राहतं, हलवल्यावर सगळं एकसारखं दुधासारखं झालं पाहिजे. इथे दूध झालंच नाही. काचेला आतून बारीक पांढरे कण चिकटलेले, कितीही फिरवलं तरी तसेच. मला दिसत नव्हते, भाच्याला दिसले. दुसरी कार्ट्रिज तशीच. तिसरी बरी वाटत होती तर काका म्हणाले तीही नको, एकाच डब्यातून आलीय ना. भाचा म्हणाला अहो एक्सपायरी २०२७ ची आहे. काका म्हणाले, ती तारीख फ्रीजमधल्या मालाची असते बाळा. पोराचं तोंड एवढंसं झालं. एवढ्या लांबून आणलेलं, पण टाकून दिलं सगळं.

(उलटं पण होतं म्हणे, फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलं आणि एकदा गोठलं तरी इन्सुलिन वाया जातं, मग वितळून चांगलं दिसलं तरी घ्यायचं नाही. न उघडलेलं २ ते ८ डिग्रीत, म्हणून दारातल्या कप्प्यात किंवा मधल्या फळीवर ठेवायचं. आमच्याकडे आता लोण्याच्या डब्याशेजारी त्याची जागा ठरलेली आहे.)

मग शेवटी मार्ग काय निघाला. काकांनीच विचारलं डॉक्टरांचा नंबर आहे का, माझ्यासमोर फोन लावला, डॉक्टर ओपीडीत होते तर कंपाउंडरला निरोप ठेवला आणि अर्ध्या तासाने डॉक्टरांचा उलट फोन आला. दोघांचं बोलणं मी ऐकत होते. ह्युमन ३०/७० फक्त एकच कंपनी बनवत नाही, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं कारण चिठ्ठीवर कायम ब्रँडचं नाव. लिलीचं ह्युमिनसुलिन आहे, बायोकॉनचं इन्सुजेन आहे, वोकहार्टचं वोसुलिन आहे, ह्यांच्या १०० च्या कार्ट्रिज येतात. डॉक्टरांनी त्यातलं एक ठरवलं, नवीन चिठ्ठी व्हॉट्सॲपवर पाठवली आणि खरी चिठ्ठी दुसऱ्या दिवशी आणून द्या म्हणून काकांनी मला बजावलं, आणि ती बघितल्यावरच माल दिला. कुठलं ठरवलं ते मुद्दाम लिहीत नाही कारण मग उद्या कोणीतरी माझं नाव सांगून तेच मागायला जाईल. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझा डोस, माझं किडनीचं, माझं जेवण वेगळं आहे.

आता ह्यात एक मेख आहे. कार्ट्रिज बदलली की पेन पण बदलायचा. दिसायला सगळ्या कार्ट्रिज सारख्याच, काचेची नळी आणि मागे रबर, जुन्या पेनमध्ये बसल्यासारखी पण वाटते, पण ज्या कंपनीची कार्ट्रिज त्याच कंपनीचा पेन, नाहीतर आकडा एक आणि आत जाणार वेगळंच. काका म्हणाले थांबा, पेन विकत घ्यायची घाई करू नका, कंपनीचा माणूस देतो कधी कधी, विचारतो. आणि खरंच मिळाला, फुकट. दुसऱ्या कोणी तो मला एमआरपीला चिकटवला असता.

पेन शिकवला तो काकांच्या सुनेने. तीही फार्मसी शिकलेली आहे, संध्याकाळी काउंटरवर ती असते, आणि माझ्या मते ह्या दुकानाला चार तरी स्टार मिळाले ते तिच्यामुळे. मला आत स्टुलावर बसवलं, पेन हातात दिला आणि म्हणाली काकू, डोळे मिटा आणि फिरवा. नव्या पेनचा आवाज जुन्यापेक्षा बारीक आहे, बटण पण थोडं घट्ट, सुरुवातीला मला मोजता येईना, तर तिने दुकानातला पंखा बंद केला. परत परत करून घेतलं, हवेत दोन युनिट सोडून सुईच्या टोकाला थेंब येतो का ते बोटाला लावून बघायला शिकवलं, टोचल्यावर दहा मोजेपर्यंत सुई काढायची नाही, दर वेळी जागा बदलायची, पोटाला गाठी झाल्यात का ते हाताने चाचपायला सांगितलं, तर होत्याच, उजव्या बाजूला. इतकी वर्षं मी त्याच सोयीच्या जागी टोचत होते आणि एवढ्या ठिकाणी औषध घेतलं, कोणी कधी विचारलं नव्हतं. शेवटी म्हणाली जुना पेन घरात त्याच ड्रॉवरमध्ये ठेवू नका, मिस्टरांना द्या नाहीतर इथे आणून द्या. दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. नव्या पेनला आता मी बारीक रबर गुंडाळलाय, हाताला लागला की कळतं हाच.

पहिले काही आठवडे दोन्ही वेळेला जेवणाआधी आणि झोपताना शुगर बघायला सांगितली होती. नाव जरी तेच ३०/७० असलं तरी ब्रँड बदलला की बघावंच लागतं. माझी सकाळची थोडी वर गेली, डॉक्टरांनी रात्रीचा डोस किंचित वाढवला, आता बसलंय. द्राक्षाच्या सीझनला दिराकडून पिंपळगावहून पेट्या येतात तेव्हा काय होतं ते वेगळं प्रकरण आहे, त्याचा दोष इन्सुलिनला देता येणार नाही.

मुलीने ह्या सगळ्यात एक गोष्ट शोधून दिली ती लिहून ठेवते, कोणाला उपयोग होईल. आपल्याकडे २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश आहे, त्यात म्हणलंय की जे औषध सरकारच्या किंमत नियंत्रणाच्या यादीत आहे ते कंपनीला बंद करायचं असेल तर किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यायची आणि सरकारला कळवायचं, आणि सरकारला वाटलं तर जनहितासाठी अजून एक वर्षापर्यंत बनवत राहा असं सांगू शकतं. किंमत ठरवणारी एनपीपीए म्हणून सरकारी संस्था आहे, तिचं 'फार्मा जन समाधान' म्हणून पोर्टल आहे, औषध मिळत नाही किंवा छापील किमतीपेक्षा जास्त घेतात अशी तक्रार तिथे करता येते, आणि 'फार्मा सही दाम' म्हणून ॲप आहे त्यात एका औषधाचे दुसऱ्या कंपन्यांचे ब्रँड आणि किमती दिसतात. हे ॲप मला सुरुवातीलाच कोणी दाखवलं असतं तर त्या सोमवारवाल्याकडे चकरा मारल्या नसत्या. पण ॲपमध्ये पण कुठला ब्रँड पेनचा आणि कुठला कुपीचा, ४० का १००, ते नीट बघून घ्या आणि शेवटचं डॉक्टरांना विचारूनच. आणि कायद्यातली जाहीर सूचना जाहीर म्हणजे कुठे, तर कुठेतरी. तिच्यापेक्षा ह्यांच्या फ्रीजवरचा तो मार्करचा कागद जास्त जाहीर आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक स्टार का कापला. पार्किंग नाही वगैरे ती तक्रार नाही, गोळे कॉलनीत कोणालाच पार्किंग नाही, आणि आता कुंभाच्या कामांमुळे शहरात कुठून कुठे जायचं हा रोजचाच प्रश्न आहे. डिस्काउंट देत नाहीत, ॲपवाले पंधरा वीस टक्के सोडतात, तेही चालेल. फोन मात्र उचलत नाहीत, तीन चारदा लावावा लागतो, आणि घरपोच नाही, हे माझ्यासारखीला जड जातं. जेल पॅक मागितला तर कधी असतो कधी नसतो.

पण स्टार कापला तो काकांच्या तोंडासाठी. माझ्याशी नीट बोलले, मी पांढरपेशी दिसते, चिठ्ठ्या फाइलला लावून नेते. माझ्यासमोर पेठकडचे एक आजोबा आले, धोतर, हातात रिकामी कुपी फडक्यात गुंडाळलेली, त्यांना औषधाचं नाव सांगता येईना, तर काका सगळ्यांसमोर म्हणाले, 'रोज पोटात टोचता आणि नाव पाठ नाही?' आजोबा ओशाळून हसले. मला ते अजिबात आवडलं नाही. ज्याने फडक्यात का होईना कुपी जपून आणली त्याने त्याचं काम केलंय, नाव वाचणं हे काउंटरच्या आतल्या माणसाचं काम आहे. सून मधे पडली, आजोबांना बाजूला घेतलं, लाल टोपणाची सिरिंज दाखवून 'हीच मागायची बाबा, दुसऱ्या रंगाची दिली तर घ्यायची नाही' असं दोनदा वदवून घेतलं, घरी फ्रीज नाही कळल्यावर मातीच्या मडक्यात पाण्यात डबा कसा ठेवायचा ते पण सांगितलं. म्हणजे काम चोखच झालं, पण ते बोलणं झालंच. काका हे वाचतील का माहीत नाही, वाचलं तर रागावतील, चालेल.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं. दुपारी दोन ते साडेचार बंद असतं, रविवारी फक्त सकाळी. गाडी अशोक स्तंभाच्या अलीकडेच कुठे मिळेल तिथे लावा आणि आत चालत जा. जुनं खोकं, पेन, डॉक्टरांची चिठ्ठी तिन्ही बरोबर न्या, नसेल तर परत पाठवतात, वाद घालू नका. उन्हाळ्यात घरून थर्मास न्या. पेन शिकायचा असेल तर संध्याकाळी सहानंतरच जा, सून तेव्हा असते, आणि पंखा बंद करायला सांगा.